झिजलेली नाणी

दीर्घकाळच्या चलनाने, हाताळणीने अथवा घासण्याने ज्यांवरील लेख व चिन्हे अंशतः किंवा पूर्णतः पुसली गेली आहेत, अशी नाणी. भारतातील जुन्या नाण्यांपैकी फार मोठा भाग याच अवस्थेत अभ्यासकांच्या हाती येतो. अशी नाणी दोन मार्गांनी मिळतात : काही जमिनीतून निघतात, तर काही घराण्यात पिढ्यानपिढ्या देव्हाऱ्यात, दागिन्यांच्या डब्यात किंवा लक्ष्मीपूजनाच्या थैलीत जपलेली असतात. प्रस्तुत नोंदीत मुख्यतः दुसऱ्या प्रकारच्या नाण्यांचा विचार केला आहे. लेख वाचता येत नसेल, तर नाणे ओळखता येत नाही, हा समज सार्वत्रिक असला, तरी तो बरोबर नाही. धातू, वजन, आकार, घडणीची पद्धत, चिन्हांची मांडणी आणि नाणे घरात कोठून आले याची माहिती, यांवरून लेखाचे एकही अक्षर शिल्लक नसलेल्या नाण्याचाही काळ व वंश पुष्कळदा निश्चित करता येतो. मात्र त्यासाठी ते ओळखीपूर्वी घासलेले नसावे.

याचे उदाहरण म्हणून कोल्हापूर जिल्ह्यातील इचलकरंजीचा परिसर सोयीचा आहे. पंचगंगेच्या खोऱ्यातील हे शहर कोल्हापूरच्या पूर्वेस सु. ३० किमी. अंतरावर आहे. या टापूवर सातवाहनकालीन राजे, शिलाहार, यादव, बहमनी, आदिलशाही, मोगल, मराठे व इंग्रज अशा अनेक सत्तांचा अंमल होऊन गेला आणि प्रत्येक सत्तेचे चलन येथे फिरले. नारो महादेव जोशी यांनी संताजी घोरपडे यांच्या आश्रयाने उदयास येऊन घोरपडे हे आडनाव धारण केले व इचलकरंजीच्या जहागिरीचा पाया घातला. त्यांचे पुत्र व्यंकटराव यांचा विवाह पेशवे बाळाजी विश्वनाथ यांची कन्या अनुबाई यांच्याशी झाल्यामुळे पुण्याशी या गावाचा निकट संबंध आला. १९०४ मध्ये येथे पहिला यंत्रमाग सुरू झाला आणि पुढे वस्त्रोद्योगाच्या वाढीबरोबर महाराष्ट्र व कर्नाटकातील अनेक भागांतून कुटुंबे येथे स्थायिक झाली. म्हणून इचलकरंजीतील एखाद्या घरात निघालेले नाणे इचलकरंजीच्या मातीतलेच असेल, असे गृहीत धरता येत नाही. ते माहेरच्या दागिन्यांबरोबर, वतनाच्या कागदांबरोबर किंवा दूरच्या बाजारपेठेतून आलेले असू शकते. घरातील वडीलधाऱ्या माणसांना याविषयी जे आठवते, ते लिहून ठेवणे हे ओळखीचे पहिले काम होय. नाणे आणखी शंभर वर्षे टिकेल. ही आठवण टिकेलच असे नाही.

झिजेचे प्रकार : नाणे पुसट दिसण्याची कारणे निरनिराळी असतात आणि त्यांत गल्लत केल्यास पुढचा सारा विचार चुकतो. खरी झीज प्रथम उंच भागांवर होते. मुखवटा असेल, तर नाक, गाल व केस सपाट होतात. अक्षरांचे माथे जातात, पण त्यांची मुळे राहतात. कडा गुळगुळीत होतात आणि वजन घटते. याउलट ठसा मुळातच अपुरा उमटला असेल, तर पृष्ठभाग खडबडीत राहतो, कडा धारदार असतात व वजन जवळजवळ पूर्ण भरते. जुन्या टांकसाळींत ठशाचा व्यास चकतीपेक्षा मोठा असे; त्यामुळे लेखाचा एक भाग चकतीवर कधी उमटलाच नाही, असे शेकडो नाण्यांत दिसते. शिवराई व मराठेशाहीतील रुपये यांचे हे नेहमीचे लक्षण आहे. अशा नाण्यावर लेख ‘पुसला’ असे म्हणणे योग्य नाही. तो तेथे नव्हताच. तिसरे कारण गंज. त्यात धातूला खड्डे पडतात आणि सपाट भागही उंच भागाइतकाच खराब होतो.

घरातील नाण्यांना आणखी एक झीज असते, ती पूजेची. दरवर्षी चिंच, राख किंवा रांगोळी लावून उजळलेले नाणे शंभर वर्षांच्या चलनातही झिजले नसते इतके पन्नास वर्षांत झिजते. अशी झीज दोन्ही बाजूंवर सारखी व चकचकीत असते, तर चलनातील झीज मंद तकाकीची असते. दागिन्यातील नाण्याची अंगाला लागणारी बाजू अधिक गेलेली असते आणि कडी झाळलेल्या जागी धातूचा रंग बदललेला दिसतो. एक गोष्ट मात्र देव्हाऱ्यातील नाण्यांच्या बाजूची आहे. हळदकुंकवाचा जो थर अक्षरांच्या खोबणीत साचतो, तो तसाच राहू दिला, तर उंच भाग उजळ व खोलगट भाग तांबूस दिसून पुसट लेख अनपेक्षितपणे वाचता येतो. धुऊन काढल्यावर तोच लेख दिसेनासा होतो.

वजन व धातू : झिजलेल्या नाण्याचा सर्वांत विश्वासू साक्षीदार म्हणजे त्याचे वजन. ते ०·०१ ग्रॅ. पर्यंत अचूक दाखविणाऱ्या तराजूवर घ्यावे. सराफाकडील तराजू यासाठी पुरेसा असतो. झिजेने वजन कमी होते, वाढत मात्र नाही. म्हणून मिळालेले वजन ही मूळ प्रमाणाची खालची मर्यादा समजावी. चांदीच्या आहत नाण्याचे प्रमाण ३२ गुंजा म्हणजे सु. ३·४ ग्रॅ., पश्चिमी क्षत्रपांच्या चांदीच्या नाण्याचे सु. २ ते २·४ ग्रॅ., विजयनगरच्या सुवर्णवराहाचे सु. ३·४ ग्रॅ., मोगल रुपयाचे सु. ११·४ ग्रॅ. व ईस्ट इंडिया कंपनीने १८३५ पासून एकरूप केलेल्या रुपयाचे ११·६६ ग्रॅ. म्हणजे एक तोळा होते. ८ ग्रॅ. वजनाचे चांदीचे गोल नाणे क्षत्रपांचे असू शकत नाही, एवढे तरी तराजू क्षणात सांगतो.

वजन आणि झीज यांचा संबंध गणिताने प्रथम पक्का केला, तो दामोदर धर्मानंद कोसंबी (१९०७–६६) यांनी. गोव्यात जन्मलेले व पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात गणित शिकविणारे कोसंबी यांनी तक्षशिला येथील निधींतील आहत नाणी एकेक करून तोलली. चलनात नाणे जितका काळ राहते, त्या प्रमाणात त्याचे सरासरी वजन घटते आणि एका गटातील नाण्यांच्या वजनांतील परस्पर फरक वाढत जातो, हे त्यांनी संख्याशास्त्राच्या आधारे दाखविले. आहत नाण्यांच्या मागील बाजूवर चलनकाळात उमटविलेल्या लहान खुणा जितक्या जास्त, तितके वजन कमी, हाही त्यांचा निष्कर्ष होता. पडताळ्यासाठी त्यांनी आपल्या काळातील चालू नाणीही हजारोंनी तोलली. या पद्धतीचा उपयोग एकट्यादुकट्या नाण्यास होत नाही, ही तिची मर्यादा होय. परंतु एकाच थैलीतून एकाच प्रकारची वीस-पंचवीस नाणी निघाली असतील, तर त्यांची वजने स्वतंत्रपणे लिहून ठेवावीत, एकत्र तोलू नयेत, हे यावरून लक्षात यावे.

धातू ओळखण्यासाठी कसोटीवर घासणे किंवा कड कापून पाहणे अनावश्यक व हानिकारक आहे. विशिष्ट गुरुत्वाची रीत पुरेशी होते. नाणे बारीक धाग्याने टांगून प्रथम हवेत व नंतर पाण्यात पूर्ण बुडवून तोलावे आणि हवेतील वजनाला दोहोंतील फरकाने भागावे. उदा., एखादे नाणे हवेत ११·३० ग्रॅ. व पाण्यात १०·२१ ग्रॅ. भरले, तर फरक १·०९ व विशिष्ट गुरुत्व १०·३७ येते. शुद्ध चांदीचे १०·५, तांब्याचे सु. ८·९, शिशाचे ११·३ व सोन्याचे १९·३ असते. तेव्हा हे नाणे थोडे तांबे मिसळलेल्या चांदीचे आहे. कंपनीच्या रुपयात चांदीचा अंश ११/१२ होता, त्याच्याशी हे जुळते. शिशाची नाणी पाण्यात फार वेळ ठेवू नयेत. संग्रहालये व विद्यापीठे यांच्याकडे क्ष-किरण प्रतिदीप्तीची उपकरणे असल्यास नाण्याला इजा न होता मिश्रधातूचे प्रमाण अधिक नेमके कळते.

कोल्हापूरची शिशाची नाणी : झिजलेल्या नाण्यावर इतिहास किती अवलंबून असू शकतो, याचे ठळक उदाहरण याच जिल्ह्यातील आहे. १८७७ मध्ये कोल्हापूर येथे शिशाच्या प्राचीन नाण्यांचा मोठा संचय मिळाला. कॉड्रिंग्टन व भगवानलाल इंद्रजी यांनी त्यांचा अभ्यास केला. या नाण्यांच्या एका बाजूस प्रत्यंचा चढविलेले धनुष्य व वर रोखलेला बाण असून भोवती ब्राह्मी लिपीत प्राकृत लेख आहे. दुसऱ्या बाजूस कमानींची उतरंड असलेला चैत्य अथवा पर्वत व कठड्यातील वृक्ष आहे. लेखांवरून वासिष्ठीपुत्र विळिवायकुर, माढरीपुत्र शिवलकुर व गौतमीपुत्र विळिवायकुर असे तीन राजे ज्ञात झाले. पुराणांतील राजवंशांच्या याद्यांत ही नावे नाहीत. टॉलेमीने (सु. इ. स. १५०) हिप्पोकुरा ही बॅलिओकुरस याची राजधानी म्हणून उल्लेखिली आहे आणि हा बॅलिओकुरस म्हणजे विळिवायकुर असावा, असे मानले जाते. रा. गो. भांडारकर यांनी त्यांना सातवाहनांचे प्रांताधिकारी मानले होते, तर अन्य काही विद्वान ते स्वतंत्र असल्याचे म्हणतात. काहीही असले, तरी टॉलेमीचा हा संदिग्ध उल्लेख सोडल्यास त्यांचे अस्तित्व नाण्यांवरच उभे आहे.

या राजांचा क्रम कसा ठरला, हे विशेष पाहण्यासारखे आहे. शिवलकुराच्या काही नाण्यांवर त्याच्या ठशाखाली वासिष्ठीपुत्र विळिवायकुराच्या जुन्या ठशाचे अवशेष दिसतात, तर गौतमीपुत्र विळिवायकुराच्या काही नाण्यांखाली या दोघांच्याही ठशांच्या खुणा सापडतात. चलनातील जुनी नाणी नव्या चकत्या न करता पुन्हा ठोकली गेली होती. ज्याचा ठसा खाली, तो आधीचा, या साध्या न्यायाने तिघांचा अनुक्रम लागला व रॅप्सन याने ब्रिटिश म्यूझीयमच्या १९०८ च्या सूचीत तोच स्वीकारला. अशा पुनर्मुद्रित नाण्यावर अर्धवट अक्षरे, एकमेकींना छेदणाऱ्या रेषा आणि ठिकाण सोडून उगवलेले धनुष्याचे टोक असा गोंधळ दिसतो. अजाण डोळ्यांना ते नाणे ‘खराब’ वाटते आणि स्वच्छ करण्याच्या भरात नेमका हा गोंधळच घासून काढला जातो. नासिक जिल्ह्यातील जोगलटेंभी येथे १९०६ मध्ये मिळालेल्या १३,००० हून अधिक चांदीच्या नाण्यांची कथा अशीच आहे. ती क्षहरात राजा नहपानाची असून त्यांपैकी ९,००० हून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपली चैत्य व उज्जैन चिन्हे पुन्हा ठोकली होती. नहपानाच्या मुखवट्यावर उमटलेले हे चैत्य सातवाहनांच्या विजयाचा लेखाइतकाच सबळ पुरावा ठरले.

पुढे १९४५-४६ मध्ये पुण्याच्या डेक्कन महाविद्यालयाच्या वतीने ह. धी. सांकलिया व मो. गं. दीक्षित यांनी पंचगंगेकाठच्या ब्रह्मपुरी टेकाडाचे उत्खनन केले. तेथे सातवाहन काळातील घरांचे अवशेष व त्यावरील थरांत बहमनी काळातील वस्ती आढळली आणि थरांचा काळ ठरविताना नाण्यांचा आधार घेण्यात आला. शिसे मऊ असते, लवकर झिजते, त्यावर पांढरट भुकटी धरते आणि लाकडी कपाटातील आम्ल वाफांनीही ते पोखरले जाते. त्यामुळे शिशाचे नाणे देव्हाऱ्यात सहसा पोहोचत नाही. बिनकामाचा तुकडा म्हणून ते वितळविले जाण्याचा संभव अधिक. पंचगंगेच्या खोऱ्यातील घरात जाड, जड, करड्या रंगाची व बोटाला काळसर डाग पाडणारी चकती आढळली, तर ती टाकण्यापूर्वी तिरप्या उजेडात धनुष्याची कमान दिसते काय, हे अवश्य पाहावे.

सातवाहनांच्या इतर नाण्यांत सोंड उंचावलेला अथवा खाली सोडलेला हत्ती आणि मागील बाजूस अधिक चिन्हाच्या चार टोकांना वर्तुळे असलेले उज्जैन चिन्ह ही मांडणी सर्वत्र आढळते. ही नाणी तांबे, शिसे व पोटिन या मिश्रधातूची आहेत. लेख पूर्ण गेला, तरी चार वर्तुळांपैकी दोन जरी उरली, तरी वंश ठरतो. राजाचे नाव ठरत नाही. १९३९ मध्ये तेव्हाच्या अकोला जिल्ह्यातील तऱ्हाळा येथे मिळालेल्या सु. दीड हजार पोटिन नाण्यांचे वाचन वा. वि. मिराशी यांनी केले. त्यांतील बरीच नाणी झिजलेली वा तुटलेली होती. एका नाण्यावर नावाचा आरंभ, तर दुसऱ्यावर शेवट, असे तुकडे जुळवून त्यांनी कुंभ, कर्ण यांसारखे पुराणांना अज्ञात असलेले राजे उजेडात आणले. घरातील एकच नाणे वाचता येत नसले, तरी संग्रहालयातील त्याच जातीच्या नाण्याशी ते ताडून पाहण्यात अर्थ असतो, तो यामुळे.

क्षत्रपांच्या नाण्यांत सोय अशी की, राजाबरोबर त्याच्या पित्याचेही नाव व पदवी लेखात असते आणि मुखवट्याच्या मागे ब्राह्मी अंकांत शक वर्ष असते. वर्षाचा शतकाचा अंक उरला, तरी संभाव्य राजांची संख्या कमी होते. यादवांचे पद्मटंक हे वाटीप्रमाणे खोलगट, सु. ३·७ ग्रॅ. वजनाचे सोन्याचे नाणे. त्याच्या मध्यभागी अष्टदल कमळ व कडेने वेगवेगळे ठोकलेले ठसे असतात. आदिलशाहीतील लारी हा तर चांदीच्या तारेचा दुमडलेला तुकडा असून त्यावर फार्सी अक्षरांचे अंश असतात. घरात अशी तार निघाली, तर ती मोडका दागिना म्हणून मोडीत जाते.

मराठेशाहीतील नाणी : दक्षिण महाराष्ट्रातील घरांत सर्वाधिक आढळणारे जुने नाणे म्हणजे तांब्याची शिवराई. १६७४ मधील राज्याभिषेकाच्या सुमारास तिचा आरंभ झाला आणि छत्रपतींच्या नावाची ही नाणी एकोणिसाव्या शतकापर्यंत अनेक टांकसाळींत पडत राहिली. म्हणून ‘शिवराई आहे, म्हणजे शिवकालीन आहे’ हा निष्कर्ष घाईचा ठरतो. एका बाजूस ‘श्री / राजा / शिव’ अशा तीन ओळी व दुसऱ्या बाजूस ‘छत्र / पति’ अशा दोन ओळी, भोवती ठिपक्यांचे वर्तुळ, ही मांडणी ठरलेली असल्याने एका अक्षराच्या उरलेल्या दांडीवरूनही बाजू व ओळ सांगता येते. आरंभीच्या शिवराया सु. ११ ते १३ ग्रॅ. वजनाच्या व वळणदार अक्षरांच्या आहेत. नंतरच्या हलक्या होत गेल्या आणि अक्षरे ओबडधोबड झाली. ‘छत्र’ व ‘पति’ यांच्यामध्ये दोन समांतर रेषा असल्यास ती दुदांडी शिवराई होय व ती पेशवेकालीन समजली जाते. शिवाजी महाराजांचा सोन्याचा होन अत्यंत विरळ असून त्याच्या नकला मात्र विपुल आहेत. कडेवर कानशीचे ओरखडे, पृष्ठभागावर बारीक बुडबुड्यांची छिद्रे व साबणासारखी बोथट अक्षरे ही साच्यात ओतलेल्या नकलेची लक्षणे होत. तिला झीज समजून फसणारे पुष्कळ आहेत.

चांदीच्या रुपयांविषयी गैरसमज वेगळा आहे. मराठ्यांच्या टांकसाळींतील बहुतेक रुपयांवर फार्सीत मोगल बादशहाचे, बहुधा मुहम्मदशाह अथवा दुसरा शाह आलम याचे नाव असते. त्यावरून ते दिल्लीचे ठरत नाहीत. टांकसाळ ओळखायची ती तिच्या खुणेवरून, उदा., अंकुशाची खूण असलेले रुपये ‘अंकुशी’ म्हणून ओळखले जात व ते पुण्याशी निगडित आहेत. खूण लहान व खोल असल्याने लेख गेल्यावरही ती टिकते. हिजरी सनाचा आकडा दिसला, तर त्याला ०·९७ ने गुणून ६२२ मिळविल्यास इसवी सन जवळपास येतो : हिजरी ११०० म्हणजे इ. स. १६८९ च्या आसपास. तथापि जुनेच वर्ष वर्षानुवर्षे ठशावर कोरीत राहण्याची रीत असल्यामुळे नाण्यावरील साल म्हणजे नाणे पाडल्याचे साल, असे खात्रीने म्हणता येत नाही. पृष्ठभागावर वेड्यावाकड्या जागी ठोकलेले सूर्य, चंद्र, फुले यांचे बारीक छाप असल्यास त्या सराफी खुणा होत. नाण्याच्या पोटात खोटा धातू नाही ना, हे पाहण्यासाठी सराफ त्या ठोकीत. त्यांना टांकसाळीची चिन्हे समजू नये.

नाणी नसलेल्या वस्तू : घरातील ‘प्राचीन नाण्यां’मध्ये मुळात नाणी नसलेल्या वस्तू बऱ्याच असतात. राम, सीता, लक्ष्मण व हनुमान यांच्या आकृती असलेल्या रामटंका या पूजेसाठी केलेल्या मुद्रा आहेत. त्यांपैकी काही खरोखर जुन्या व घडणीने सुंदर आहेत, पण त्या चलन नव्हत. त्यांवरील अतिप्राचीन साल काल्पनिक असते. ईस्ट इंडिया कंपनीचे नाव, ‘अर्धा आणा’ किंवा ‘एक आणा’ हे मूल्य, १६१६ अथवा १८१८ असे साल आणि रामदरबार किंवा हनुमान असलेले तुकडे मात्र सरळसरळ बनावट होत. कंपनीने असे नाणे कधी पाडले नाही. पुतळ्यांच्या माळेतील पुतळी हे नाव व्हेनिसच्या डकॅट नाण्यावरील उभ्या आकृतींमुळे पडले असावे. मूळ डकॅट सु. ३·५ ग्रॅ. वजनाचे जवळजवळ शुद्ध सोन्याचे असून त्यावर एका बाजूस संत मार्कपुढे गुडघे टेकलेला तेथील डोज व दुसऱ्या बाजूस ताऱ्यांनी वेढलेला ख्रिस्त असतो. भारतीय कारागिरांनी त्याच्या नकला केल्या, तेव्हा लॅटिन अक्षरांच्या केवळ रेघोट्या झाल्या आणि झीज होऊन त्या आकृती घरोघर देवदंपती म्हणून पुजल्या गेल्या. परदेशी सोन्याचे नाणे दागिना करून वापरण्याची ही रीत जुनीच आहे. दक्षिण भारतात मिळालेल्या कित्येक रोमन सुवर्णनाण्यांनाही ओवण्यासाठी छिद्रे पाडलेली आहेत.

पाहण्याची व जपण्याची रीत : पुसट नाणे समोरून पडणाऱ्या प्रखर प्रकाशात पाहू नये. अंधाऱ्या खोलीत एकच दिवा नाण्याच्या पातळीच्या किंचित वर धरून नाणे सावकाश फिरवावे. उंचवट्यांच्या छाया लांबल्यावर न दिसणारी अक्षरे दिसू लागतात. मोबाइल दूरध्वनीतील कॅमेऱ्याने प्रकाशाची दिशा बदलून आठ-दहा छायाचित्रे घेतली, तर ती जोडून पाहता येतात. पातळ कागद नाण्यावर ठेवून मऊ शिसपेन्सिलीने हलके घासल्यासही आकृती उमटते. शिशाच्या नाण्यावर मात्र हा प्रयोग करू नये. धूळ काढण्यासाठी ऊर्ध्वपातित पाणी व मऊ कुंचला एवढेच साहित्य पुरे. चिंच, लिंबू, खाण्याचा सोडा, वाळू व भांडी उजळण्याच्या भुकट्या पूर्णपणे वर्ज्य समजाव्यात. तांब्यावरील घट्ट हिरवा वा तपकिरी थर धातूचे रक्षण करतो, म्हणून तो काढू नये. फिकट हिरवी, भुसभुशीत व पुन्हा पुन्हा येणारी भुकटी हा मात्र क्लोराइडांमुळे होणारा रोग असून असे नाणे इतरांपासून वेगळे व कोरडे ठेवून तज्ज्ञास दाखवावे. प्रत्येक नाण्यास स्वतंत्र कागदी पाकीट असावे आणि त्यावर वजन, व्यास, धातू, ते घरात कोणाकडून आले, त्याबरोबर आणखी काय होते, ही माहिती लिहावी. चांदीच्या नाण्यांच्या बाबतीत ही काळजी इचलकरंजीच्या परिसरात अधिक महत्त्वाची आहे. कारण जवळच हुपरी हे चांदीच्या दागिन्यांचे प्रसिद्ध केंद्र आहे आणि मोडीच्या चांदीला तेथे कायमची मागणी असते. मुशीत गेलेल्या रुपयाची किंमत त्याच्या वजनाएवढीच होते.

किंमतीविषयीच्या कल्पना बहुधा अवास्तव असतात. साधी झिजलेली शिवराई किंवा व्हिक्टोरिया राणीचा रुपया हजारोंच्या संख्येने उपलब्ध आहे. जुने नाणे लाखो रुपयांना विकत घेण्याचे आमिष दाखवून आधी ‘शुल्क’ उकळण्याचे प्रकार वाढल्याने भारतीय रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२१ मध्ये जाहीर निवेदन काढून आपण अशा व्यवहारांत नसल्याचे स्पष्ट केले. विद्येच्या दृष्टीने मोल वेगळे असते. बाजारात जिला कोणी विचारणार नाही, अशी शिशाची अर्धी चकती एखाद्या राजाचा क्रम पक्का करू शकते.

कायद्याच्या दृष्टीने वारशाने आलेले नाणे व जमिनीत सापडलेले नाणे यांत मूलभूत फरक आहे. १८७८ च्या भारतीय निधी अधिनियमानुसार जमिनीत पुरलेला व दहा रुपयांहून अधिक किंमतीचा ठेवा सापडल्यास त्याची लेखी सूचना जिल्हाधिकाऱ्यास देणे बंधनकारक आहे. घर पाडताना जोत्याखाली निघालेले गाडगेही यात येते. १९७२ चा पुरावस्तू व कलानिधी अधिनियम १९७६ मध्ये अंमलात आला. त्याच्या व्याख्येप्रमाणे शंभर वर्षांहून कमी जुने नसलेले नाणे पुरावस्तू ठरते, त्याचा व्यापार करण्यास परवाना लागतो आणि खाजगी व्यक्तीला ते देशाबाहेर पाठविता येत नाही. परदेशी राहणाऱ्या मुलाबाळांना आजीच्या थैलीतील नाणी सहज भेट म्हणून पाठविणाऱ्यांना ही तरतूद सहसा ठाऊक नसते. ओळख पटविण्यासाठी कोल्हापूरच्या टाऊन हॉलमधील शासकीय वस्तुसंग्रहालय जवळचे असून ब्रह्मपुरी येथील अवशेष तेथे ठेवले आहेत. पुण्याचे भारत इतिहास संशोधक मंडळ व नासिकजवळ अंजनेरी येथील भारतीय नाणकशास्त्र संशोधन संस्था यांच्याकडेही नाण्यांचे मोठे संग्रह आहेत. तेथे जाताना नाणे जसे मिळाले तसेच, न धुता, त्याच्या पाकिटासह न्यावे.